पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये : तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकायचं तर

घरात कुणी महाराष्ट्रात नोकरीला असेल तर त्यांची पगाराची स्लिप मागून घ्या. पगार दाखवायला लाजत असतील तर तेवढी ओळ झाकू द्या. आपल्याला कपातीचा रकाना हवाय. तिथे पीएफच्या आसपास 'पी. टी.' असं असेल आणि पुढे २००. हा व्यवसाय कर. १९७५ साली तो आला तेव्हा त्याचं कारण अगदी ठरलेलं होतं : १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं.

आता या दोनशे रुपयांना तीन प्रश्न विचारता येतात. दादरच्या कारकुनाने दुष्काळी माण तालुक्यातल्या मजुरासाठी पैसे भरावेत, हे न्याय्य आहे का? बागायतदारांच्या पाठिंब्यावर निवडून येणाऱ्या आमदारांनी मजुराचा हात वर करणारा कायदा होऊ तरी कसा दिला? आणि कामाची हमी मिळाल्यावर गावातली मजुरी, स्थलांतर, कामावर येणारी माणसं यांत नेमका काय फरक पडतो?

पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा राज्यशास्त्राचा, तिसरा अर्थशास्त्राचा. हे तीन विषय एकत्र शिकवणाऱ्या पदवीला जगभर पीपीई (फिलॉसॉफी, पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्स) म्हणतात. प्रश्न एकाच गोष्टीबद्दलचे असले तरी एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. मजुरी वाढली हे आकड्यांनी दाखवलंत, म्हणून योजना न्याय्य ठरत नाही. न्याय्य आहे, म्हणून ती विधानसभेत पास होत नाही. कॉलेज तुम्हाला तीन विषय तीन वेगवेगळ्या वर्गांत शिकवतं; त्यांची जोड घालणं हे काम कुणाच्याच टाइमटेबलमध्ये नसतं. ते आपलं आपल्याला करावं लागतं. मला हे फार उशिरा कळलं, म्हणून हा लेख.

माझ्याबद्दल इतकंच, की मी पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केलं, जोडीला राज्यशास्त्र होतं. तत्त्वज्ञान निम्मं वर्गाबाहेर शिकले, ते का ते पुढे सांगते. मग एक वर्ष इंग्लंडात एम. ए. आता दर जून महिन्यात बारावी झालेली चार-दोन मुलं पालकांसह घरी येतात. पालक विचारतात, "स्कोप काय?" मुलं विचारतात, "गणित आहे का?"

हे आलं कुठून

ऑक्सफर्डमध्ये ही पदवी १९२० च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी सरकारी सेवेत वर चढू पाहणारी मुलं ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ वाचायची. त्या अभ्यासक्रमाला 'ग्रेट्स' म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर वाटायला लागलं, की राज्य चालवायला प्लेटो ठीक आहे, पण बँका आणि बेकारीही कळायला हवी. त्यातून 'मॉडर्न ग्रेट्स', म्हणजे पीपीई. तिथून बाहेर पडलेल्यांत हॅरल्ड विल्सन, डेव्हिड कॅमेरॉन, लिझ ट्रस, ऋषी सुनक हे ब्रिटिश पंतप्रधान आहेत. बेनझीर भुट्टो, इम्रान खान, आंग सान सू ची आहेत. यादी दिपवणारी आहे खरी. पण ट्रसबाईंचं सरकार २०२२ मध्ये ४९ दिवसांत आटोपलं, आणि त्या पडझडीची सुरुवात बाजाराला न झेपलेल्या करकपातीपासून झाली. पदवीबरोबर शहाणपण मिळतंच असं नाही.

हे तीन विषय जोडून वाचण्याची सवय आपल्याकडेही नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर दिलेलं व्याख्यान हे राज्य आणि अर्थव्यवहार वेगळे काढता येत नाहीत, याच मुद्द्याभोवती फिरतं. पुण्यात १९३० मध्ये गोखले इन्स्टिट्यूट निघालं त्याच्या नावातच राजकारण आणि अर्थशास्त्र दोन्ही आहेत. आणि बाबासाहेब : एल्फिन्स्टनमध्ये बी. ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रात, पुढे कोलंबियात सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि जॉन ड्युई यांच्याकडे तत्त्वज्ञान. रुपयाच्या विनिमयदरावर प्रबंध लिहिणारा आणि जातिव्यवस्थेच्या नैतिक पायालाच हात घालणारा माणूस एकच होता. पीपीई म्हणजे काय हे आजोबांना समजावून सांगायचं असेल तर एवढं एक उदाहरण पुरतं.

पायरी १ : आधी स्वतःला तपासा

आठवडाभर रोज एक अग्रलेख वाचा. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात लेखकाने काय योग्य-अयोग्य म्हटलंय ते, दुसऱ्यात कुणाचा फायदा-तोटा आणि कुणाची सत्ता ते, तिसऱ्यात किती आणि काय परिणाम ते. सात दिवसांनी एकच रकाना भरलेला दिसला तर तोच विषय घेऊन सरळ बी. ए. करा, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकू?' असं अडखळायला झालं आणि त्या अडखळण्यात मजा आली, तर पुढे वाचा.

यूपीएससीसाठी म्हणून हे घेणाऱ्यांना एक सूचना. तिथे ऑप्शनल, म्हणजे वैकल्पिक विषय, एकच घ्यावा लागतो, आणि हे तिन्ही विषय तिथे वेगवेगळे ऑप्शनल आहेत. जीएसच्या, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरांना या अभ्यासाचा उपयोग होतोच, पण यूपीएससीचा क्लास म्हणून या पदवीकडे पाहिलंत तर दोन्हीकडे अर्धवट राहाल.

पायरी २ : गणित सोडू नका

आर्ट्सला गेलो म्हणजे गणित सुटलं, या आनंदात अकरावीत अनेक जण तो विषय टाकतात आणि तीन वर्षांनी पस्तावतात. महाराष्ट्र बोर्डात आर्ट्सच्या मुलांनाही गणित घेता येतं. बालभारतीचं गणित आणि संख्याशास्त्राचं पुस्तक कला आणि विज्ञान शाखेला सामाईकच आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीत गणित असण्याची अट आहे. ऑक्सफर्डच्या पीपीईला तशी अट नाही, पण गणित केलेलं असावं असं ते आवर्जून सांगतात. किती लागतं? डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते कळायला हवं, दोन समीकरणं सोडवता यायला हवीत, सरासरी आणि प्रमाण विचलन नुसतं काढता नव्हे तर वाचता यायला हवं. आयआयटीइतकं मुळीच नाही.

गणित फक्त अर्थशास्त्रात लागतं हाही गैरसमजच. हॉस्टेलवरचा रविवार घ्या. तिघी रूममेट, नाश्त्याला एकाच ठिकाणी जायचंय.

पहिलीची पसंती : मिसळ, मग डोसा, मग पोहे.
दुसरीची : डोसा, मग पोहे, मग मिसळ.
तिसरीची : पोहे, मग मिसळ, मग डोसा.

मतदान घ्या. मिसळ की डोसा? पहिली आणि तिसरी मिसळ म्हणतात; मिसळ जिंकली. डोसा की पोहे? पहिली आणि दुसरी डोसा म्हणतात, डोसा जिंकला. म्हणजे मिसळ पोह्यांना सहज हरवणार, नाही का? घ्या मत. दुसरी आणि तिसरी पोहे म्हणतात! प्रत्येकीचं डोकं ठिकाणावर आहे, तरी तिघींचं मिळून एक मत बनत नाही. ते गोल गोल फिरत राहतं. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने हे १७८५ मध्ये दाखवलं. १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने त्याहून पुढे जाऊन सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही अगदी साध्या, कुणालाही पटतील अशा अटी एकाच वेळी पाळणारी मतदानाची पद्धत असूच शकत नाही. अमर्त्य सेन यांचं सुरुवातीचं मोठं काम याच प्रश्नावरचं.

आता सांगा, हा विषय कुठला? 'जनतेची इच्छा' असं काही असतं का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. कुठल्या क्रमाने मत घ्यायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता जाते, हे राज्यशास्त्र. आणि पुरावा सगळा गणिती, अर्थतज्ज्ञाने दिलेला. पुढच्या वेळी रूमवर मिसळ हवी असेल तर 'आधी डोसा की पोहे ते ठरवू' असं म्हणून सुरुवात करा. जिंकेल त्याच्याशी मिसळ लावा.

अकरावी-बारावीत तर्कशास्त्र घ्यायची सोय असेल तर जरूर घ्या. 'मार्कांचा विषय' म्हणून त्याची टिंगल होते, पण तत्त्वज्ञानाच्या पहिल्या सेमिस्टरला त्याच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही.

पायरी ३ : कुठे शिकायचं

चार वाटा आहेत.

पहिली, जवळचं कॉलेज. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयाची) भाषा आली आहे आणि त्यात आपल्याला हवी तशी जोडणी काही प्रमाणात जमते. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेता येतात, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. इको मेजर, पॉल सायन्स मायनर अशी जोडी बहुतेक ठिकाणी मिळते. अडतं ते तत्त्वज्ञानाशी. ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आवडीने निवडायच्या जादा विषयात, टाकू म्हणाल, तर नियम असा की ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं हवं. इको आणि तत्त्वज्ञान दोन्ही मानव्य शाखेत मोडत असतील तर ती वाट बंद. मग केंद्र सरकारच्या 'स्वयम' या संकेतस्थळावरचा ऑनलाइन कोर्स करून त्याची क्रेडिट घेणं हा उपाय उरतो. पण त्याला कॉलेजचा होकार आधी आणि लेखी घ्या. कोर्स संपल्यावर "हे आपल्याकडे धरत नाहीत" असं ऐकलेली मुलं माझ्या माहितीत आहेत.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात नव्हे, विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. तत्त्वज्ञानाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का? गेल्या वर्षी वर्ग प्रत्यक्ष भरला का? आणि इको, पॉल सायन्स, फिलॉसॉफीचे तास एकाच वेळी येतात का? तत्त्वज्ञान विभाग पुष्कळदा प्रॉस्पेक्टसमध्ये असतो, वर्गात नसतो. माझ्या कॉलेजात तो होता, सरही उत्तम होते, पण त्यांचा तास आणि इकोचा स्टॅटिस्टिक्सचा तास सोमवार-बुधवार एकाच वेळी. अर्ज दिले, विनवण्या केल्या, टाइमटेबल काही हललं नाही. शेवटी सर म्हणाले, "चार वाजता स्टाफरूममध्ये ये." दीड वर्ष मी स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर, गार झालेल्या चहाच्या वासात कांट हा जर्मन तत्त्वज्ञ शिकले. मार्कशीटवर त्याचा पत्ता नाही.

दुसरी वाट, देशातच पण बाहेर. हरियाणात सोनीपतला अशोका विद्यापीठात पीपीई नावाचाच मेजर आहे. फी भरपूर, पण गरजेनुसार सवलतही असते. अर्ज करताना आर्थिक मदतीचा अर्जही बरोबरच भरा. दिल्ली विद्यापीठात बी. ए. प्रोग्रॅमला सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन विषयांच्या जोड्या घेता येतात. निव्वळ अर्थशास्त्रात बुडी मारायची असेल आणि बाकीचं आपलं आपण वाचायची तयारी असेल तर पुण्यातलं गोखले इन्स्टिट्यूट आहेच.

तिसरी, थेट परदेशी पदवी. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डखेरीज यॉर्क, वॉरिक, डरहम, मँचेस्टर, लंडनमधलं किंग्ज आणि यूसीएल इथे पीपीई आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा (एलएसई) अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. केंब्रिजमध्ये पीपीई नाही, उगाच शोधत बसू नका. अर्ज 'यूकॅस' या ब्रिटनच्या सामाईक प्रवेश-अर्जाच्या संकेतस्थळावरून, एका वेळी पाच ठिकाणी. ऑक्सफर्डची मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते, म्हणजे आपली बारावीची सहामाही चाललेली असते तेव्हाच. त्याच सुमारास प्रवेश परीक्षा, मग डिसेंबरात मुलाखत. 'मला लहानपणापासून देशसेवेची आवड' असलं काही अर्जात लिहू नका. काय वाचलंत आणि त्यातलं काय पटलं नाही ते लिहा. नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात आणि उट्रेख्टला इंग्रजीतून पीपीई आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि पोमोना कॉलेज. येलमध्ये जवळपास हेच 'एथिक्स, पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्स' या नावाने शिकवतात. राज्य बोर्डाच्या मुलांनी सगळ्यात आधी त्या विद्यापीठाच्या पानावर आपलं बोर्ड चालतं का ते पाहावं. बाकी तयारी नंतर.

चौथी वाट म्हणजे बी. ए. इथे आणि मास्टर्स तिकडे. माझं मत विचाराल तर मध्यमवर्गीय घरातल्या मुलांनी याच वाटेने जावं. पदवीच्या पातळीवर परदेशी शिष्यवृत्त्या फार थोड्या, पदव्युत्तरला बऱ्याच. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते, तीही पदव्युत्तर आणि पीएच. डी.साठीच. शिवाय अठराव्या वर्षी काढलेलं मोठं शैक्षणिक कर्ज हे स्वतःच अर्थशास्त्राचं एक दुःखद प्रकरण आहे.

पायरी ४ : तीन विषय, वाचण्याच्या तीन रीती

पहिल्या सेमिस्टरला मुलं तिन्ही विषय सारखेच वाचतात आणि दोन विषयांत मार खातात.

इको आडवं पडून वाचता येत नाही. पेन हातात हवं. पुस्तकातली आकृती पाहून मान डोलवू नका. पुस्तक मिटून ती काढा, आणि अक्षांना नावं द्या. अर्ध्याहून अधिक चुका अक्षांवरच्या असतात. 'कोअर इकॉन' या गटाचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट आहे आणि आपल्याकडच्या गाइडांपेक्षा कितीतरी बरं आहे.

तत्त्वज्ञानाची आठ पानं वाचायला दोन तास लागले तर घाबरू नका, तोच वेग आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात लिहा : लेखक इथे दावा करतोय, कारण देतोय, की समोरच्याचं म्हणणं मांडतोय? हे तिसरं फार महत्त्वाचं. लेखकाने खोडण्यासाठी मांडलेलं मत त्याच्याच नावावर खपवणं ही पहिल्या वर्षातली सगळ्यात सार्वत्रिक चूक. अडलं तर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश ऑनलाइन आणि मोफत आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही चांगल्या आहेत.

राज्यशास्त्र भराभर आणि भरपूर वाचायचं असतं, पण तुलना करत. रोज टीव्हीवरची चर्चा बघतो म्हणून हा विषय सोपा जाईल, असं समजणारे इथे घसरतात. 'महाराष्ट्रात काय झालं' याला विषयात फारशी किंमत नाही. 'महाराष्ट्रात झालं ते शेजारच्या राज्यात का झालं नाही' हा प्रश्न.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी दोन शब्द. भाषा संचालनालयाचे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र असे तिन्ही परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात. पहिलं वर्षभर ती खिडकी उघडीच ठेवा. आणि दोन भाषांत विचार करणं हा तोटा समजू नका. 'मूल्य' हा शब्द घ्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो किमतीच्या शेजारी बसतो. नीतिशास्त्रात तोच शब्द सत्य-अहिंसेबद्दल बोलतो. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले, की राजकारणात आपण एक व्यक्ती एक मत, एक मत एक मूल्य हे तत्त्व मान्य करू, पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात ते नाकारत राहू. तिथलं 'मूल्य' तिसरंच. इंग्रजीत वाचणाऱ्याला न दिसणारी ठेच आपल्याला लागते, आणि निबंध तिथूनच सुरू होतो.

पायरी ५ : निबंध

ऑक्सफर्डचं टर्म आठ आठवड्यांचं. त्यात जवळजवळ दर आठवड्याला वाचनाची यादी, त्यावर निबंध, आणि मग दोघा-तिघांत बसून शिक्षकासमोर त्याची चिरफाड. त्याला ट्युटोरिअल म्हणतात. आपल्याकडे ही सोय नाही, पण दोन मैत्रिणी आणि शनिवारची दुपार एवढ्यात ती उभी करता येते. एकीने दीड हजार शब्द लिहायचे, दुसरीने फक्त 'कशावरून?' विचारायचं.

इंग्लंडातल्या माझ्या पहिल्या निबंधावर शेवटी एकच ओळ होती : 'ही मतं आहेत, युक्तिवाद कुठे आहे?' मी खूप वाचलं होतं, खूप नावं घेतली होती. चूक ही, की नैतिक प्रश्नाला मी आकडेवारीने उत्तर दिलं होतं आणि आकडेवारीच्या प्रश्नाला तळमळीने. ती चूक काय असते ते रोजगार हमी योजनेवरच (रोहयो) दाखवते.

समजा प्रश्न आहे : 'रोजगार हमीवरची मजुरी किमान वेतनाइतकी असावी का?'

अर्थशास्त्रापासून सुरू करू. योजनेची मूळ युक्ती अशी, की काम अंगमेहनतीचं आणि मजुरी कमी ठेवली तर ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल. दाखले तपासायला नकोत, तलाठ्याच्या सहीची गरज नाही. उन्हात खडी फोडायला सुखवस्तू माणूस येत नाही. म्हणजे कमी मजुरी हीच चाळणी. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाच्या पातळीला नेली गेली. हातात पडणारे पैसे वाढले, पण ठरलेल्या बजेटात कामं कमी काढली जाऊन मागेल त्याला काम मिळेनासं झालं का, यावर अर्थतज्ज्ञांनी पुढे बरंच लिहिलं. इथे तुम्हाला आकडे लागतील : किती मनुष्यदिवस काम निघालं, आधी किती, नंतर किती, आणि त्या वर्षी पाऊस कसा होता. पाऊस विसरलात तर सगळं गणित वाया.

आता तत्त्वज्ञान. दुष्काळी कामं आधीही निघत. ती सरकारची मेहेरबानी होती. कायद्याने हमी दिली आणि ठरावीक दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद केली, तेव्हा तो हक्क झाला. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांत. कोर्टात जाऊन तो मागता येत नाही. मग प्रश्न : जो हक्क आहे तो कमी मजुरी देऊन, म्हणजे माणसाला मुद्दाम अवघड वाटेने चालायला लावून, द्यावा का? गरज सिद्ध करायला घाम गाळून दाखवायला लावणं हा अपमान आहे का? आणि पैसे देणाऱ्याचं काय? १९७४ मध्ये अमेरिकेत तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी मांडलं, की कष्टाच्या कमाईवर कर लावणं हे सक्तीने काम करवून घेण्यासारखंच आहे. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने कमाईवर कर बसवला, तोही दुसऱ्याला काम देण्यासाठी. दोघांची गाठ पडली असती तर काय झालं असतं, हे मी अजून मुलांना लिहायला सांगते. इथे मनुष्यदिवसांचे आकडे उपयोगाचे नाहीत. इथे 'हक्क' म्हणजे काय हे आधी सांगावं लागतं आणि त्या व्याख्येशी शेवटपर्यंत इमान राखावं लागतं.

आणि राज्यशास्त्र. या योजनेमागचे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. साठच्या दशकात त्यांनी तासगाव भागात याचा छोटा प्रयोग केला होता. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जमीनदारांनी तो हाणून का पाडला नाही? एक उत्तर असं, की पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते यांचा फायदा जमीन असणाऱ्यालाच जास्त होतो. दुसरं, मजूर गावातच राहिले तर सुगीला हाताशी असतात. तिसरं, मुंबईकर करदात्यालाही दुष्काळी लोंढे फूटपाथवर नको होते. तिन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, म्हणूनच त्यांची परीक्षा घ्यायची. असेच जमीनदार, असाच दुष्काळ इतर राज्यांतही होता. तिथे का नाही? तसा कायदा देशभर यायला २००५ उजाडलं.

तिन्ही लिहून झाले की जोड कुठे बसते ते दिसतं. जास्त मजुरी न्यायाला धरून आहे, पण चाळणी आणि बजेट तिच्या विरोधात जातात, आणि बजेट किती असावं हे शेवटी राजकारण ठरवतं. निबंधाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' काहीही द्या. फक्त आपलं उत्तर तिन्हीपैकी कुठल्या कारणावर उभं आहे ते सांगा, आणि ते कारण पडलं तर उत्तर बदलाल का तेही.

पायरी ६ : दुसऱ्या वर्षी काय सोडायचं

ऑक्सफर्डमध्ये पहिल्या वर्षानंतर तीनपैकी एक विषय सोडता येतो. आपल्याकडे बहुधा सोडावाच लागतो. जो जड जातो तो सोडू नका. जो घरी बसून वाचता येईल तो सोडा. संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स (संख्याशास्त्राने अर्थशास्त्राचे दावे तपासण्याची रीत) एकट्याने शिकणं महाकठीण. तत्त्वज्ञान चांगल्या वाचनगटात पुढे चालू ठेवता येतं, राज्यशास्त्रही. पीएच. डी.चा विचार असेल तर मात्र लवकर एका विषयात घट्ट पाय रोवा, कारण पुढचे प्रवेश एकेका विषयाचे असतात.

नोकरीचं थोडक्यात : धोरण-संशोधन संस्था, पत्रकारिता, बँका आणि कन्सल्टन्सी, सामाजिक संस्था, आमदार-खासदारांसाठी संशोधन, कायद्याचं पुढचं शिक्षण. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये कंपन्यांना डेटा हाताळता येणारी मुलं हवी असतात, तेव्हा एक्सेल चांगलं आणि आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कामापुरती शिकून ठेवा. "एक ना धड भाराभर चिंध्या" हे नातेवाइकांकडून ऐकावं लागेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एखादा चांगला निबंध जवळ ठेवा, मागितला तर द्या. कुणी मागत नाही.

गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीला मी नेहमीप्रमाणे वडिलांची स्लिप आणायला सांगितली. तिने चुकून फेब्रुवारीची आणली. पी. टी. समोर ३०० होते. मला वाटलं हिशेबातली चूक. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला : अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५००, कारण घटनेच्या २७६व्या कलमात व्यवसाय करावर तेवढी कमाल मर्यादा आहे. पूर्वी ती २५० होती, १९८८ च्या ६०व्या घटनादुरुस्तीने वाढवली. खाली तिने विचारलं होतं : "मॅडम, तेव्हापासून पगार कुठल्या कुठे गेले. मग ही मर्यादा कुणीच का वाढवली नाही? आणि साहेबाला आणि शिपायाला सारखेच दोनशे का?" मी तिला म्हटलं, शनिवारी ये, दीड हजार शब्द घेऊन.